फेकून द्यायचं पाणी

आमच्या घरात सगळ्यात जास्त धाक कुणाचा, असं कुणी विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं, बटाट्याचा. हसायला येतं ना? मलाही यायचं, सुरुवातीला. मग दोन वर्षांत हसू जिरलं.

माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. ब्लडप्रेशर होतं, त्यानं गोळ्या टाळल्या, आणि एक दिवस पायाला सूज आली म्हणून दवाखान्यात गेलो ते आठवड्यातून दोनदा मशीनवर झोपायचं वेळापत्रक घेऊनच बाहेर आलो. मंगळवार आणि शुक्रवार, चार-चार तास. मशीन त्याचं रक्त बाहेर काढतं, धुतं, परत आत सोडतं. हॉस्पिटलातल्या डाएटवाल्या मॅडम पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "दोन दिवस मशीन सांभाळेल. उरलेले पाच दिवस तुमचं स्वयंपाकघर." तेव्हापासून ते पाच दिवस माझ्या मानगुटीवर बसलेत.

मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं समजावलं होतं. पोटॅशियम नावाची एक गोष्ट असते. बटाट्यात असते, पालकात असते, टोमॅटोत, केळ्यात, शहाळ्यात, म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना माणसं जे जे प्रेमानं घेऊन जातात त्या सगळ्यात असते. तुमच्या-माझ्या शरीरात ती जास्त झाली तर किडनी बाहेर टाकते. याच्या शरीरात टाकणारं कुणी नाही. मग ती रक्तात साठते, आणि फार साठली की हृदयाचा ताल चुकतो आणि ते थांबतं. दुखत नाही, खुपत नाही, बऱ्याचदा आधी सांगूनही येत नाही. मी विचारलं, "थांबतं म्हणजे?" मॅडम म्हणाल्या, "थांबतं म्हणजे थांबतं."

त्या दिवसापासून मी भाजीला पाण्यात घालायला लागले. बटाटा सोलायचा, कागदासारखा पातळ कापायचा, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात दोन तास बुडवून ठेवायचा. पोटॅशियम पाण्यात उतरतं. ते पाणी फेकायचं. नवीन पाणी घालून उकळायचं, तेही फेकायचं. मग जे काही उरेल त्याला फोडणी. गाजर तसंच, भोपळा तसाच, पालेभाजी कधीमधी आणि तीही तशीच. ताटात जे यायचं त्याला माझा नवरा बटाट्याचं भूत म्हणायचा. "आज भूत जरा बरं शिजलंय," असं म्हणून खायचा बिचारा. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करतो, म्हणून मी लाडात आले किंवा चिडले की त्याला भिंगवाले म्हणते. मी म्हणायचे, "भिंगवाले, जिवंत राहायचंय ना? मग भुतं खा."

मी स्वतः कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. शिवून आलेला शर्ट माझ्या टेबलावर येतो आणि मी त्यातली चूक काढते. टाका सुटलेला, कॉलर अर्धा दोरा वाकडी, काजं वरखाली. बावीस वर्षं हेच करतेय. मुली मला मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण माझ्या टेबलावरून गेलेला माल परत आला नाही कधी. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते कळावं म्हणून सांगते.

दोन वर्षं मी कधी सकाळची पाळी, कधी बिनपगारी रजा, असं करत निभावलं. मग कारखान्यात मोठं काम आलं आणि साहेबांनी सांगितलं, आता रोज पूर्ण दिवस, नाहीतर दुसरी बघतो. दुपारचं जेवण कोण करणार, हा प्रश्न. तेव्हा अक्का आली.

अक्का म्हणजे माझी नणंद, याची मोठी बहीण. बारा वर्षांनी मोठी. हा तीन वर्षांचा असताना आई गेली, वडील कामाच्या नावानं बाहेर, त्यामुळे याला वाढवलं ते अक्कानं. लग्न केलं नाही. तीस वर्षं एका वसतिगृहाच्या धोबीघरात चादरी धुतल्या आणि निवृत्त झाली. आमचा निरोप मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक पिशवी घेऊन दारात हजर. "मी असताना तू कशाला परक्या बाईला शोधतेस?" एवढंच म्हणाली.

याचं आणि अक्काचं एक वेगळंच आहे. जगात हा सगळ्यांना नाही म्हणतो, मला तर उठता-बसता, पण अक्काला कधी नाही म्हणत नाही. एकदा तिनं लोकरीची टोपी विणून पाठवली होती, कान झाकणारी. भर उन्हाळ्यात ती यायची होती तेव्हा हा घरात ती टोपी घालून बसला, तिनं विणलीय म्हणून. घामाच्या धारा लागलेल्या. मी हसून हसून बेजार झाले होते.

कामावर जायच्या पहिल्या सकाळी मी अक्काला स्वयंपाकघर दाखवलं. दाखवलं कसलं, कारखान्यात नव्या मुलीला कामाला लावते तसं धडाधड सांगितलं. हे बुडवायचं, हे पाणी फेकायचं, उकळायचं, तेही फेकायचं, मीठ चिमटीनं, आणि याचं दिवसाचं पाणी फक्त या बाटलीतलं. बाटलीवर मी रेषा मारून ठेवल्या होत्या, कारण लघवीच होत नाही तर प्यायलेलं पाणी जाणार कुठं. अक्कानं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "भाजीचं पाणी का गं फेकायचं?"

माझा एक पाय चपलेत होता. बस चुकणार होती. मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. तुम्ही एवढं ऐका फक्त, अक्का."

ती बरं म्हणाली.

खरं सांगते, पहिल्या आठवड्यात मला बरंच वाटलं. घरी यावं तर ओटा लख्ख, हा जेवलेला, चेहऱ्यावर जरा तजेला. दोन घास जास्त जायला लागले होते. रात्री वजन केलं तर वजन बरोब्बर, पाण्याची रेषा बरोब्बर. थोडा मत्सरही वाटला, का नाही वाटणार? दोन वर्षं मी राबले तेव्हा तोंड वाकडं, आणि अक्का आली की स्वारी खूष.

मग शुक्रवारी मशीनवर घेण्याआधी रक्त तपासलं आणि पोटॅशियम सहा आलं. नेहमी पाच, पाच पॉइंट दोन असायचं. डाएटवाल्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. "काय खाल्लं?"

"जे नेहमी खातो तेच."

"काहीतरी वेगळं झालंय. फळ? सुकामेवा? कमी सोडियमचं मीठ आणलंत का? त्यात पोटॅशियम असतं."

मला रागच आला. "मॅडम, चूक शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. माझ्या घरात चूक व्हायची नाही."

मंगळवारी सहा पॉइंट तीन आलं. पुढच्या शुक्रवारी सहा पॉइंट सात. या वेळी मॅडम नाही, डॉक्टरांनीच बाजूला घेतलं. ते हळू बोलतात, त्यामुळे मला त्यांची जास्तच भीती वाटते. ते म्हणाले, "मशीन उतरवतं आणि तुम्ही चढवताय. सातच्या पुढं मी कसलीच खात्री देणार नाही. बसल्या जागी जाईल माणूस. घरात काय चुकतंय ते शोधा, आणि लवकर शोधा."

बसल्या जागी, हे दोन शब्द कानात बसले. हा खुर्चीत पेपर वाचत असला आणि पान उलटायला वेळ लागला की मी हातातलं काम टाकून बघायला जायची. झोपला की छातीवर हात ठेवायची. तो म्हणायचा, "अगं, जिवंत आहे, झोपू दे." कारखान्यात फोन वाजला, अगदी दुसऱ्या कुणाचा, की माझे हात गार पडायचे. शनिवारी मी एका बाहीला आतला कपडा बाहेर लागलेला आख्खा गठ्ठा पास केला. साहेब तो गठ्ठा माझ्या टेबलावर परत ठेवून गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि मी शोधायला लागले. लाज वाटते सांगायला, पण याचे खिसे तपासले. कचऱ्याच्या डब्यात हात घालून केळ्याची साल आहे का पाहिलं. मिठाच्या पिशवीवरची बारीक अक्षरं त्याचंच भिंग लावून वाचली, मीठ साधंच होतं. हा आठवड्यातून तीन दिवस अर्धा वेळ दुकानात जायचा, तर तिथं जाऊन मालकांना विचारलं, हा इथं काही खातो का. मालक म्हणाले, "वहिनी, तो तर चहासुद्धा घेत नाही. आम्हालाच चोरून प्यावा लागतो."

मग यालाच समोर बसवलं. "खरं सांग. बाहेर काय खातोस?"

"बाहेर काही खात नाही."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ, बाहेर मी पाण्याचा थेंब घेत नाही." असं म्हणून त्यानं नजर खाली केली. मला वाटलं, मी संशय घेतला म्हणून दुखावला. माझंच मन मला खायला लागलं.

अक्कालाही विचारलं. "अक्का, राग मानू नका, पण त्याला कधी फळबीळ, शहाळं..."

तिचा चेहरा एवढासा झाला. "मी माझ्या हातानं त्याला मारीन का गं? तू सांगितलंस तसं करते. पाणीसुद्धा रेषेवर मोजते. एक घोट इकडचा तिकडे नाही." आणि ते खरं होतं. तेच तर माझं डोकं फिरवत होतं. सगळे खरं बोलत होते आणि आकडा चढत होता.

शेवटी सोमवारी मी कामावर ताप आल्याचं खोटं सांगितलं आणि दुपारी घरी निघाले. पाळत ठेवायलाच निघाले, दुसरा शब्द नाही. जिन्यावर चपला हातात घेतल्या. माझ्याच घराचं दार किल्लीनं चोरासारखं हळूच उघडलं.

बाहेरच्या खोलीत हा पलंगावर टेकून डोळे मिटून पडला होता. हातात रिकामी वाटी होती. स्वयंपाकघरातून मिरीचा वास येत होता. आत गेले तर अक्का ओट्यापाशी. एका बाजूला चाळणीत बटाट्याच्या पांढऱ्या चकत्या निथळत ठेवलेल्या, अगदी मी शिकवल्या तशा पातळ. आणि गॅसवर, मंद आचेवर, एक छोटं पातेलं. त्यात पिवळसर तपकिरी, दाटसर काहीतरी रटरटत होतं. बाजूला भिजवणाचं मोठं पातेलं आणि उकळलेलं पातेलं, दोन्ही रिकामी.

मला पाहून ती दचकली नाही. उलट हसली. "आलीस? बरं झालं. तूही घे घोटभर, किती वाळलीयेस."

"हे काय आहे, अक्का?"

"सूप." मग जरा ओशाळून, चोरी पकडल्यावर लहान मुलगी बोलते तशी म्हणाली, "ते पाणी मी फेकत नाही गं. माझ्याच्यानं होत नाही. सगळा कस त्या पाण्यात उतरतो आणि तुम्ही तो मोरीत घालता. चोथा खाऊन माणूस कसा उठेल? बटाट्याचं, गाजराचं, पाल्याचं, सगळं एकत्र करते नि आटवते. आटवून आटवून एवढीशी वाटी. त्याला पाणी जास्त चालत नाही ना? मग बाटलीतलं तेवढं कमी करते. तुझी रेषा कधी चुकवली नाही मी."

मोठं पातेलंभर पाण्यातलं सगळं पोटॅशियम तिनं एका वाटीत आणून ठेवलं होतं. मी दोन वर्षं त्याच्या ताटातून जे जे काढून टाकलं होतं, ते सगळं.

ती बोलतच होती. "आई गेली तेव्हा हा तीन वर्षांचा. ताप हटेना, पोटात काही ठरेना. शेजारणी म्हणायच्या, हे पोर काही जगत नाही. खाणावळीच्या मागं रोज भाज्या उकडायचे आणि पाणी गटारात ओतायचे. मी डबा घेऊन उभी राहायची. आचारी शिव्या द्यायचा, पण ओतायचा डब्यात. महिनाभर तेच पाजलं याला चमच्यानं. उठून बसला, चालायला लागला. या पाण्यावर जगलाय तो. आणि तेच म्हणे फेका."

"किती दिवस देताय?"

"आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज दुपारी."

"आजची दिली?"

"आत्ताच की. आज जास्त करून दिली, थकल्यासारखा दिसत होता."

तेवढ्यात बाहेर वाटी पडल्याचा आवाज आला. धावत गेले तर हा पलंगाच्या कडेला बसून पायांकडे बघत होता. म्हणाला, "पायात जीवच नाहीये गं. उचलतोय, पण उचलत नाहीत." आवाज शांत होता. त्या शांतपणानं माझी बोबडी वळली. मनगट धरलं. नाडी लागत होती, पण एक ठोका आला की पुढचा यायला इतका वेळ लागत होता की प्रत्येक वेळी मला वाटायचं, हा शेवटचा.

खालच्या मजल्यावरच्या दोघांनी त्याला उचलून टॅक्सीत घातलं. मी मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन, अक्का पुढं. सबंध रस्ताभर मी त्याचं मनगट सोडलं नाही. सिग्नलला टॅक्सी थांबली की मी आतल्या आत ओरडायची. अक्का सारखी मागं वळून विचारत होती, "काय झालं गं त्याला? सकाळी तर बरा होता." तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं याची मला स्वतःलाच भीती वाटत होती.

हॉस्पिटलात त्याला सरळ आत घेतलं. छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी निघाली, ती पाहून डॉक्टर हळू बोलायचे थांबले आणि भराभर बोलायला लागले. रक्तात सात पॉइंट सहा. एक इंजेक्शन हृदयाला आवर घालायला, दुसरं इन्सुलिनचं साखरेच्या पाण्याबरोबर, आणि लगेच मशीन. मला म्हणाले, "बाहेर थांबा." मी म्हटलं, "वाचेल ना?" ते म्हणाले, "बाहेर थांबा."

बाहेर बाकावर अक्का बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास. घाईघाईत निघतानाही तिनं उरलेलं सूप त्यात भरून घेतलं होतं. मला म्हणाली, "शुद्धीवर आला की लगेच दोन घोट देऊ. इथल्या जेवणात काही कस नसतो."

मग मात्र माझा बांध फुटला. "अक्का, त्याच सुपानं तो आत पडलाय. रोज विष पाजत होतात तुम्ही त्याला. आटवून आटवून विष." येणारे-जाणारे वळून बघत होते. मला कुणाची पर्वा नव्हती. सगळं सांगितलं, पोटॅशियम काय, किडनी काय, पाण्यात काय उतरतं, हृदय कसं थांबतं. मॅडमनी मला जे दोन वर्षांपूर्वी खुर्चीवर बसवून समजावलं होतं ते सगळं मी तिच्या तोंडावर फेकलं.

माझं बोलून झाल्यावर ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. चादरी धुवून धुवून त्या बोटांची कातडी कायमची सुरकुतलेली आहे. त्या बोटांवर ती दिवस मोजायला लागली. एकोणीस झाले. "एकोणीस," ती म्हणाली. मग अगदी हळू, "मी तुला विचारलं होतं गं. का फेकायचं ते."

मला कुणीतरी सणसणीत थोबाडीत मारल्यासारखं झालं. विचारलं होतं तिनं. एक मिनिट लागलं असतं सांगायला. मी बस पकडली होती. सगळ्या घरादारात चूक शोधत फिरले, खिसे तपासले, कचरा उपसला, आणि चूक माझ्याच टेबलावरून पास होऊन गेली होती. मी तिच्या शेजारी बसले. दार उघडलं की दोघी एकदम उभ्या राहायचो, कुणी दुसऱ्याच्या नावानं हाक मारायचं, आणि आम्ही परत बसायचो. असे तीन तास गेले.

चौथ्या तासाला नर्सनं मला आत बोलावलं. मशीन सुरूच होतं. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती, आता जरा नेमानं. हा डोळे उघडून होता. रंग राखेसारखा, पण माझ्याकडे पाहून ओठाचा कोपरा हलला. मी खुर्ची ओढली आणि इतका वेळ न रडलेली मी रडले. मग म्हटलं, "सापडलं. अक्का पाणी फेकत नव्हती. त्याचं सूप करून तुला देत होती."

तो छताकडे बघायला लागला.

"ऐकलंस का?"

"माहीत होतं," तो म्हणाला.

मला वाटलं, गुंगीत बोलतोय.

"पहिल्या दिवशी नाही कळलं. तिसऱ्या दिवशी चवीवरून कळलं. दोन वर्षांत बटाट्याची चव विसरलो होतो ना." दम लागत होता त्याला. "म्हणणारच होतो तिला. तिनं विचारलं, बरं वाटतंय ना रे? मी हो म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी कसं सांगणार? आणि चव तरी होती गं त्याला. तू तिला बोलू नकोस. तिला नाही कळू द्यायचं."

मी मिठाच्या पिशव्या वाचत होते आणि हा सगळं ओळखून रोज दुपारी वाटी तोंडाला लावत होता. याच्यापुढं मी काय करणार? पातेली कुलपात ठेवीन, बाटलीवर रेषा मारीन, पण याला कुठल्या कुलपात ठेवू? तेव्हा मला जी भीती वाटली ती टॅक्सीतसुद्धा वाटली नव्हती.

"काय नाही कळू द्यायचं?"

अक्का दारातल्या पडद्यापाशी उभी होती. कुणी तिला आत सोडलं, केव्हापासून ती ऐकत होती, मला ठाऊक नाही. चालत त्याच्या उशाशी आली. तो तोंड फिरवू बघत होता, पण वायरींमुळे फिरवता येईना.

"माझ्यासाठी मरणार होतास का रे?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं.

अक्कानं पिशवीतून थर्मास काढला. झाकण फिरवलं, आणि त्यात सूप ओतलं. वाफ आली, मिरीचा वास आला. मी उठले. "अक्का, काय करताय?" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका हातानं त्याची मान जराशी उचलली, जशी तीन वर्षांच्या मुलाची उचलतात, आणि झाकण त्याच्या ओठांपाशी नेलं.

"नको म्हण," ती म्हणाली.

"अक्का..."

"अक्का काय? मी देतेय. रोज देत होते तशीच देतेय. नको म्हण मला."

तो तिच्याकडे बघत राहिला. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, हात अर्धा पुढं काढलेला, झाकण उडवायच्या तयारीत. एका उडीचं अंतर होतं, पण मध्ये मशीनच्या नळ्या होत्या, रक्तानं भरलेल्या. त्याचे ओठ हलले, आणि देवाशप्पथ सांगते, ते झाकणाच्या कडेकडे चालले होते. सवयीनं, नाहीतर मायेनं, कशानं कोण जाणे.

"नको," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"नको, अक्का. मला नको."

"शाब्बास," ती म्हणाली, आणि तिच्या हातून निम्मं सूप चादरीवर सांडलं. मी झाकण काढून घेतलं. तिनं पदरानं आधी त्याचे डोळे पुसले, मग चादर पुसायला लागली, पुसतच राहिली.

"उद्या परत विचारीन," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली. "परवाही विचारीन. रोज विचारीन."